पहिलं पाणी कोणाच्या घरात

त्या नोटिशीचं शेवटचं वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण ते मीच टाईप केलं. 'सदर नुकसानीबाबत आपली जबाबदारी निश्चित करून आपणाविरुद्ध नियमानुसार कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांचे आत सादर करावा.' पत्ता होता आमच्याच घराचा. नाव होतं माझ्या बापाचं.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पाण्याचा कारभार बघणाऱ्या सरकारी ऑफिसात कनिष्ठ लिपिक आहे. कोणता तालुका, कोणतं खातं, ते लिहीत नाही. लिहिलं तर आणखी एक नोटीस निघेल आणि तीही मलाच टाईप करावी लागेल. लोक म्हणतात, सरकारी नोकरी आहे, गप बस, पगार घे. बारा वर्षं गप बसले. आता नाही बसत, जा.

आमचं गाव ऑफिसापासून बसने पाऊण तास. गावाच्या वरच्या अंगाला जुना तलाव, तलावाची मातीची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि बांध्यांना लागून घरं. पाळीत एका ठिकाणी दगडात बांधलेलं भोक होतं, त्यात लाकडाचा खुंटा ठोकलेला. खुंटा वर ओढला की पाणी सुटायचं. त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. खुंटा ओढायला पुरुष-दीड पुरुष लांब सागाचा दांडा होता, टोकाला लोखंडी आकडा. तो दांडा आमच्या घरी असायचा, आढ्याला आडवा लावलेला. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येकाच्याच घरी असा दांडा असतो.

आमच्याच घरी का, ते सांगते. पाळीखालची पहिली बांधी आमची. पाझराची जमीन, बारा महिने ओली, गुडघ्याएवढा चिखल. ती कोणालाच नको होती, म्हणून आमच्या पणज्याला दिली आणि वर तुडुमाची राखण गळ्यात मारली. गावाचे नको ते सगळे धंदे आमच्या लोकांच्या माथी होतेच, त्यात हा एक. तेव्हा 'जुना काळ किती चांगला' असलं रडगाणं मी गाणार नाही. चांगला होता ज्यांच्यासाठी होता.

छप्पन सालानंतर आमच्या लोकांनी दीक्षा घेतली. आजोबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, दवंडी सोडली, पाटलाच्या अंगणातली फुकटची कामं सोडली. तुडूमही सोडणार होते. पण पाळ फुटली तर पहिलं घर आपलंच जाणार, हे त्यांना कळत होतं. मग त्यांनी गावाला सांगितलं, राखण करीन, पण हुकमानं नाही. दरवर्षी गावानं पाळीवर यायचं, विचारायचं, दांडा हातात द्यायचा. पहिल्या वर्षी गाव आलं नाही. काल ज्याला बोलवायचं, त्याच्याकडे आज जायचं म्हणजे कमीपणा. आजोबांनी दांडा पाळीवर नेऊन ठेवला आणि घरी येऊन बसले. दांडा तिथे आठ दिवस पडून होता. कोणी हात लावला नाही, कारण जो उचलेल त्याला सर्वांसमोर एक वाक्य म्हणावं लागायचं. नवव्या दिवशी गाव आलं.

ते वाक्य असं, 'पाळ फुटली तं पहिलं पानी माह्या घरात.'

बस, एवढंच. त्यात देव नाही, शपथ नाही. दांडा हातात घ्यायचा, पाळीवर उभं राहायचं, मागे तलाव आणि पुढे आपलं घर, आणि हे म्हणायचं. आजोबांनंतर बाबांनी म्हटलं. मृगाच्या आधी दरवर्षी म्हटलं. कोणाला पाणी कमी पडलं तर तो सरळ आमच्या दारात येऊन बाबांना शिव्या देऊन जायचा. आई चिडायची, "लोकाईच्या शिव्या खायले पगार भेटते का तुमाले?" बाबा म्हणायचे, "माह्या दारात येऊन त राह्यले. दुसऱ्याच्या दारात जातीन तं कोन ऐकन त्याइचं?"

मी बारावीला असताना सरकारने तलाव दुरुस्तीला घेतला. खुंटा गेला आणि तिथे लोखंडी दार बसलं, वर चाक, चाकाला साखळी, साखळीला कुलूप. पाणी वाहून जायचा सांडवाही हातभर उंच केला, जास्त पाणी साठावं म्हणून. बाबांनी ठेकेदाराला विचारलं, पाळ तेवढीच ठेवून सांडवा उंच काऊन? ठेकेदार गोंदिया शहराचा. तो म्हणाला, "काका, डिज़ाइन ऊपर से आया है. अपने को क्या करना है?" आता त्याचा राग येत नाही. त्या सगळ्या कामात खरं बोललेला तोच एक माणूस.

आणि मग आमच्या गावाने ती चूक केली, जी आमचंच गाव करू जाणे. दार बसल्यावर गावाने ठरवलं, आता चावी सरकारची, तर दांडाही सरकारला द्यायचा, रीतीप्रमाणे द्यायचा. इंजिनीअर साहेबांना पाळीवर बोलावलं. शाल-नारळ दिलं. बाबांनी आढ्याचा दांडा काढून, धुऊन, तेल लावून आणला आणि साहेबांच्या दोन्ही हातांवर ठेवला. सरपंचांनी वाक्य सांगितलं. साहेब तरुण होते, हसरे होते. म्हणाले, "हो हो, पहिलं पाणी माझ्या घरात, बस?" टाळ्या पडल्या. फोटो निघाले.

गावाला वाटलं, झालं. माणूस बोलला म्हणजे बांधला गेला. साहेबांचं घर नागपूरला आहे, तिथपर्यंत आमच्या तलावाचा थेंबही जाणार नाही, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बाबा त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "चाला, ओझं उतरलं." पुढच्या मेमध्ये साहेबांची बदली झाली. चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिली. नवीन साहेबांनी चार्ज घेताना चावी घेतली, वाक्य कोणी घेतलं नाही. चार्जच्या यादीत वाक्याला कॉलम नसतो.

मी नोकरीला लागले, पहिल्या दिवशी त्याच ऑफिसात गेले, तर कपाटामागे आमचा दांडा उभा. आकड्याला केरसुणी बांधलेली. शिपाई त्याने छताची कोळिष्टकं काढत होता. मी काही बोलले नाही. नवीन होते, परीक्षा देऊन लागलेली, घरातली पहिली सरकारी नोकरी. बोलायला पाहिजे होतं. तेव्हा बोलले असते तर निदान केरसुणी सुटली असती.

सुरुवातीला तरी बरं होतं. चावी तालुक्याला होती, पण साहेब स्वतः ठरवायचे. बाबांनी फोन केला की साहेब माणूस पाठवायचे, दार उघडायचे, मागून कागद रंगवायचे. मग वरून परिपत्रक आलं. पावसाळ्यात कोणतंही दार उघडायचं तर आधी पोर्टलवर मागणी टाकायची, फोटो जोडायचा, वरिष्ठ कार्यालय मंजुरी देणार, मंजुरीचा आकडा त्यांच्या मोबाईलवर येणार, तो इथे टाकला की आदेश निघणार. परिपत्रकात लिहिलं होतं, 'पारदर्शकता व उत्तरदायित्व यांकरिता'. उत्तरदायित्व! ज्याने आयुष्यात आमचा तलाव पाहिला नाही त्याच्याकडे हो म्हणायचा हक्क गेला, आणि काही बिघडलं तर उत्तर द्यायचं काम तलावाशेजारच्या माणसाकडे राहिलं. आमचे साहेब परिपत्रक वाचून खूष झाले. म्हणाले, "बरं झालं मॅडम, आता आपल्यावर काही येणार नाही." ते वाईट माणूस नाहीत. कोणाचा पैसा खात नाहीत, बायकांशी नीट बोलतात. पण या खुर्चीत बसून आपल्यावर काही येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. आणि सगळी व्यवस्थाच अशी रचली आहे, की ही इच्छा ज्याला त्याला पुरी करता येते.

मागच्या वर्षी जूनमध्ये गावाचा अर्ज आला. पाळीचा पाझर वाढला आहे, सांडवा उंच केल्याने पाणी जुन्या खुणेच्या वर चढतं, पाळीला माती घाला किंवा सांडवा खाली करा. खाली बाबांची सही, मोठी, एकेक अक्षर सुटं. अर्ज मीच आवक केला. शिक्का मारला, नंबर टाकला, फाइलला लावला, 'वरिष्ठांकडे उचित कार्यवाहीस्तव सादर' असं लिहून पाठवला. घरी जाऊन बाबांना सांगितलं, "गेला वर." बाबा म्हणाले, "वर म्हन्जे कोठी?" मी म्हटलं, जिल्ह्याला. तिथून कुठे गेला ते मी विचारलं नाही. रोज चाळीस अर्ज वर जातात, कोणत्या अर्जामागे धावणार? हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. माझ्या बापाच्या सहीमागे धावायला पाहिजे होतं. धावले नाही. हा दोष माझा, आणि तो मी कोणावर ढकलत नाही.

ऑगस्ट सरताना चार दिवस झड लागली. आमच्याकडच्या प्रतापगडाच्या डोंगराकडून ढग येत होते ते थांबायचं नाव नाही. पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाला मी टेबलावर बसते न बसते तोच बाबांचा फोन आला.

"बाई, पाझर गढूळ झाला."

तलावाच्या गावात वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. पाळीतून पाणी झिरपतंच. ते स्वच्छ असलं तर भ्यायचं कारण नाही. गढूळ झालं म्हणजे पाणी पाळीची माती आतून घेऊन निघालं आहे. मग घंटे मोजायचे. दार पूर्ण उघडून पाणी उतरवायचं, तेवढाच इलाज.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "पोर्टलवर टाका, लगेच टाका." मी म्हटलं, सर, चावी तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे, जीप खाली उभी आहे, पाऊण तासाचा रस्ता आहे. ते म्हणाले, "मॅडम, विनामंजुरी दार उघडलं आणि खाली कोणाचं धान गेलं, तर माझी नोकरी जाईल. तुम्ही टाका, मी फोन करतो वर."

टाकायला गेले. पोर्टलवर फोटो पाहिजे, तलावावरच उभं राहून ऍपमधून काढलेला. बाबांकडे साधा फोन. सरपंचाच्या भाच्याला पाळीवर पळवलं, त्याला रेंज मिळेना. साडेअकरा झाले. फोटो आला. पुढे 'मागणीचा प्रकार' निवडायचा होता. तिथे 'सिंचन आवर्तन' होतं, 'दुरुस्ती, किरकोळ' होतं, 'दुरुस्ती, मोठी' होतं. 'पाळ फुटते आहे' हा प्रकार नव्हता. मी 'दुरुस्ती, मोठी' टाकलं. पोर्टलने अंदाजपत्रक मागितलं. खरं सांगते, अंदाजपत्रक जोडल्याशिवाय पानच पुढे जाईना. मी एक जुनं, दुसऱ्याच तलावाचं अंदाजपत्रक जोडलं. खोटा कागद जोडला तेव्हा कुठे खरी गोष्ट वर गेली.

वर फोन केला. तिथला बाबू म्हणाला, "मॅडम, साहब व्हीसी में हैं. मोबाईल बाहर जमा है." म्हणजे मंजुरीचा आकडा ज्या मोबाईलवर येणार, तो एका टोपलीत पडलेला. व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, कसली चालू होती? पूरपरिस्थितीच्या आढाव्याची. मी हसले. खरंच मोठ्याने हसले, शिपाई घाबरून बघायला लागला.

बाबांचे फोन येत होते. साडेबाराला, "बाई, बोटाएवढी धार आहे." सव्वाला, "मनगटाएवढी झाली." मी म्हणत होते, बाबा, थांबा, परवानगी येऊन राहिली. ते म्हणाले, "वरच्याइले मनगट केवढं असते ते मालूम आहे का?" दोन वाजता फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता, एकदम शांत. "गावातली लेकरंबारं शाळेच्या टेकडीवर नेली. आता मी दार उघडतो." मी म्हटलं, "बाबा, कुलूप सरकारी आहे, तुमच्यावर केस होईल." ते म्हणाले, "होऊ दे. मी म्हटलं होतं ना."

ते वाक्य त्यांनी दरवर्षी म्हटलं होतं, आणि दांडा साहेबांना दिल्यावरही त्यांच्या हिशेबी ते संपलं नव्हतं. ओझं उतरलं म्हणणारा माणूस रोज सकाळी पाळीवर चक्कर मारून यायचा, हे आम्हाला दिसत होतं. एवढी वर्षं आम्ही त्याला म्हाताऱ्याचं फिरणं समजलो.

सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन बाबा गेले. वय सत्तरीच्या पुढे. गावातले चार जण मदतीला धावले तर त्यांना हात लावू दिला नाही. म्हणाले, "केस एकाचवर होऊ दे." साखळी तोडली, चाक फिरवलं, दार पूर्ण वर घेतलं. एवढं पाणी पाटात मावणारं नव्हतं. ते पाट फोडून पहिल्या बांधीत शिरलं. पहिली बांधी आमची. रोवणा, म्हणजे लावणी, होऊन महिना झालेला, काळंभोर धान, ते रेती-गाळाखाली गेलं. पाणी आमच्या परसातून अंगणात आलं, मागची भिंत बसली. संध्याकाळपर्यंत तलाव हातभर उतरला आणि पाझर थांबला. पाळ वाचली. गाव वाचलं. पहिलं पाणी खरंच आमच्या घरात आलं.

मंजुरी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. 'दुरुस्ती, मोठी : प्रस्ताव त्रुटींसह परत. अंदाजपत्रक जुळत नाही.'

आठ दिवसांत जिल्ह्याहून दोन माणसं आली. त्यांनी साखळीचे फोटो काढले, कुलुपाचे काढले, बाबांची सब्बल पुरावा म्हणून जप्त करून पोत्यात घालून नेली. पाळीचा फोटो काढला नाही, कारण पाळ फुटली नव्हती. धानाचा पंचनामा केला नाही. मी विचारलं तर म्हणाले, नैसर्गिक आपत्तीत बसत नाही. खरंच आहे. ती आपत्ती नैसर्गिक नव्हती, ती माझा बाप होता.

आणि मग नोटीस. शासकीय मालमत्तेचं नुकसान, विनापरवाना विसर्ग, पाण्याचा अपव्यय. साडेदहापासून दोनपर्यंत ज्या सरकारात एकही जबाबदार माणूस सापडला नाही, त्या सरकारला आठ दिवसांत एक सापडला. सापडला तोही पाळीखालच्या पहिल्या घरात! मसुदा वरून आला, साहेबांनी माझ्या टेबलावर ठेवला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, एवढं जरा..." मी टाईप केलं. का केलं, असं तुम्ही विचाराल. घर बसलेलं, शेत गेलेलं, माझ्या पोरीची फी याच पगारावर. भित्रेपणाला याहून मोठं कारण लागत नाही. सहीच्या जागी वरिष्ठांचं पदनाम होतं आणि त्याच्यावर बारीक अक्षरात 'करिता'. सही भलत्याच कोणाची. ज्याच्या हुकमाने नोटीस निघाली त्याने सही केली नाही, ज्याने सही केली त्याने हुकूम दिला नाही.

खुलाशाच्या दिवशी बाबा पांढरा सदरा घालून आले. सुनावणी आमच्याच ऑफिसात ठेवली होती, वरचे साहेब स्क्रीनवर येणार होते. नोंद घ्यायला मला बसवलं, आमच्याकडे दुसरा लिपिकच नाही. स्क्रीन लागली. स्क्रीनवर चेहरा नव्हता, काळ्या चौकोनात इंग्रजीतलं एक अक्षर. त्यातून आवाज आला, "तुम्हाला कुलूप तोडण्याचा अधिकार कोणी दिला?"

बाबांनी इकडे-तिकडे बघितलं. "हे कोन बोलून राह्यले? दिसून नाही राह्यले."

साहेब म्हणाले, "वरिष्ठ आहेत. कॅमेरा बंद आहे त्यांचा. तुम्ही उत्तर द्या."

"मी त्याइले दिसून राह्यलो का?"

"हो, हो."

"मंग बरं आहे," बाबा म्हणाले. "मले अधिकार गावानं देल्ला. दरवर्षी पाळीवर उभं राहून म्हटलं मी, पाळ फुटली तं पहिलं पानी माह्या घरात. आता मी विचारतो. चावी तुमच्यापाशी आहे. मी माफी मांगतो, कुलपाचे पैसे भरतो, साखळीचे भरतो, जेलात जातो. पन तुमच्यापैकी कोनी तरी एक जन येवढं म्हना. मंग मी घरी जाऊन निवांत झोपतो."

खोलीत साहेब होते, ऑफिसातले दोन जण होते, दारात शिपाई होता. सगळे स्क्रीनकडे बघायला लागले. स्क्रीनमधून आवाज आला, "तुमचा आवाज तुटतोय." आवाज तुटत नव्हता. मी तिथेच होते, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

 मी कीबोर्डवरून हात उचलले आणि म्हटलं, "पहिलं पाणी माझ्या घरात."

साहेब दचकले. बाबा माझ्याकडे वळले. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. ते रागावले. "तू नोको म्हनू. तुह्या घरात त येऊनच गेलं, बाई. जे येऊन गेलं ते म्हनायले काय लागते? ज्याच्या हाती चावी आहे, त्याले म्हनू दे."

त्याने म्हटलं नाही. चौकोन बंद झाला. नोंदीखाली मला लिहायला सांगितलं, 'खुलासा असमाधानकारक'. मी ते लिहिलं, आणि त्याच्याखाली माझ्या नावाने वेगळी टिपणी लिहिली. जूनचा अर्ज कोणत्या नंबरने आवक झाला, कोणी वर पाठवला, त्या दिवशी किती वाजता कोणाला फोन केला, कोणाचा मोबाईल कुठे जमा होता, खोटं अंदाजपत्रक कोणी जोडलं. मी जोडलं, असं लिहिलं. खाली पूर्ण नाव आणि सही. साहेब वाचून म्हणाले, "मॅडम, हे फाइलला लावू नका, तुमच्यावरच येईल." मी म्हटलं, "सर, कोणावर तरी येऊ द्या ना एकदा."

निघताना बाबांना कपाटामागचा दांडा दिसला. केरसुणी अजून बांधलेलीच. ते जवळ गेले, सुतळी सोडली, केरसुणी भिंतीला टेकवली, सदऱ्याच्या बाहीने आकडा पुसला. "हा घेऊन जाऊ का, सायेब?" साहेबांना लाज वाटली असावी, कारण ते स्वतः उठले, डेडस्टॉकचं रजिस्टर काढलं, पानं उलटली. मग हळूच म्हणाले, "याची नोंदच नाही. नोंद नाही म्हणजे देताही येत नाही. वर विचारावं लागेल." बाबांनी दांडा होता तिथे उभा केला. 

याला आता वर्ष होत आलं. माझ्या टिपणीवर मलाही नोटीस निघाली, तीही मीच टाईप केली. बाबांची केस पोर्टलवर आहे, 'प्रलंबित' दाखवते. सांडवा तेवढाच उंच आहे. पाळीवर मातीची एक टोपली पडलेली नाही. दाराला नवीन साखळी आहे, पहिलीपेक्षा जाड, आणि नवीन कुलूप. तेवढं काम मात्र पंधरा दिवसांत झालं.

परवा मृग लागला. बाबा सकाळी पाळीवर जाऊन आले, चहा पिता पिता म्हणाले, "पाझर आहे, पन स्वच्छ आहे." मग गोठ्यात गेले आणि बराच वेळ काही शोधत राहिले. मी विचारलं, काय पाहिजे? म्हणाले, "सब्बल पाहून राह्यलो. इसरलोच, ते तं नेली त्याइनं."

मंगळवारी रजा टाकून मी केशोरीला गेले. तिथल्या लोखंडाच्या दुकानात तीन पहारी होत्या. सगळ्यात जाड होती ती उचलून बघितली, दोन्ही हातांत तोलली, आणि घेतली. दुकानदार पावती फाडत म्हणाला, "कोनाच्या नावानं करू, मॅडम? घरच्या मानसाच्या?" मी म्हटलं, माझ्या. पूर्ण नाव सांगितलं, पदही लिहायला लावलं, कनिष्ठ लिपिक. ती पावती मी घरी ठेवली नाही. ऑफिसात नेली, आवक शिक्का मारला, नंबर टाकला आणि बाबांच्या फाइलला लावली.